आवाजामागची पाचर

माझे मामा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे अडते. चाळीस वर्षं सौद्यात उभं राहून त्यांचा आवाज असा पिकला होता, की शेजारी ट्रक घरघरत असला तरी यार्डाच्या त्या टोकाच्या हमालाला हाक पोचायची. चार वर्षांपूर्वी त्यांची थायरॉइडची गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर मामीला म्हणाले, "पाणी दे." मामीला ऐकू गेलं नाही. परत म्हणाले. तोंडातून नुसतं वारं निघालं.

"भूल देताना घशात नळी होती, आठ-पंधरा दिवसांत येईल आवाज," असं त्या दवाखान्यात सांगितलं. नळीनं घसा बसतो हे खरंच आहे, त्यामुळं आम्हीही निवांत राहिलो. मग खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून लवंग तोंडात धरून झोपणं झालं. तीन महिने गेले. मामा घरात वाटीवर चमचा वाजवून मामीला बोलवायला लागले. फोन उचलायचा सोडून दिला, कारण पलीकडचा व्यापारी हमखास विचारायचा, "काय शेठ, झोपला होतासा काय?" घरी सोडण्याआधी दुर्बीण घालून कुणी स्वरयंत्र बघितलं नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. पाच मिनिटांचं काम होतं.

शेवटी कान-नाक-घशाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्याकडं बोट दाखवलं. गुलाबी पोकळीत दोन पांढऱ्या पट्ट्या. मामांनी "ई" म्हटलं, तर उजवी पट्टी झपकन मध्ये आली. डावी आपली होती तिथंच, वळचणीला टेकून बसल्यासारखी. "डाव्या स्वरतंतूला लकवा झालाय," डॉक्टर म्हणाले. लकवा म्हटल्यावर मामांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं मेंदूचा झटका. आता हात जाणार, पाय जाणार. तसं काही नसतं. इथं लकवा म्हणजे त्या एका पट्टीला हलवणारी नस बंद पडली, एवढंच. बाकी माणूस ठणठणीत.

पुढच्या दीड वर्षात मी जे वाचलं, विचारलं, चुकीचं समजून परत विचारलं, ते इथं मांडतोय. कारण मामांच्या गळ्यात पुढं त्या बंद पट्टीला आधार देणारी जी पाचर, म्हणजे इम्प्लांट, बसली तिच्याबद्दल लोक काहीही बोलतात. कुणाला वाटतं मशीन बसवलंय, कुणाला वाटतं स्पीकर. एका पाहुण्यानं तर चार्जिंग कुठून करतात असं विचारलं होतं.

आधी आवाज होतो कसा ते बघू. माझा समज असा होता, की छातीतून जोरात हवा सोडली की मोठा आवाज. पण हवा हे फक्त इंधन. खरं काम मिटण्याचं. कंठमण्याच्या आत, पुढून मागं अशा आडव्या, दोन पट्ट्या असतात. पुढच्या टोकाला जोडलेल्या, मागच्या टोकाला सुट्या. वरून बघितलं तर उलटा व्ही दिसतो. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर जातात, बोलताना मिटतात. मिटलेल्या पट्ट्यांना खालून हवेचा रेटा बसला की त्या किंचित उघडतात, थोडी हवा निसटते, पट्ट्या स्वतःच्या ताणानं आणि निसटत्या हवेच्या ओढीनं परत मिटतात. उघड, मीट, उघड, मीट. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला १०० ते १५० वेळा होतं, बाईच्या बोलण्यात २०० च्या आसपास. या फडफडीतून जो गुंजारव निघतो त्याला जीभ, ओठ, टाळू, नाक मिळून शब्दाचा आकार देतात. आणि हा सगळा खेळ करणारी पट्टी पुरुषात जेमतेम दोन सेंटीमीटरची, बाईत त्याहून लहान.

इतक्या वेगाची फडफड डोळ्याला दिसत नाही. म्हणून डॉक्टर लुकलुकणारा दिवा वापरतात, त्याला स्ट्रोबोस्कोपी म्हणतात. लुकलुकण्याचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा किंचित मागंपुढं ठेवला की पट्ट्या सावकाश लाटा मारताना दिसतात. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती कधीकधी हळूहळू उलटी फिरताना दिसतात ना, त्याच जातीची ही करामत. मामांच्या उजव्या पट्टीवर लाट होती, पण तिला आपटायला समोर काही नव्हतं.

एका हातानं टाळी वाजत नाही, ती इथं अक्षरशः वाजत नाही. दोन पट्ट्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट राहिली तरी हवा पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी फुसकन निघून जाते. आवाज पातळ होतो, हवेशीर होतो, चार शब्दांनंतर दम संपतो. याची घरगुती मोजणीही आहे. पोटभर श्वास घ्यायचा, "आ" लावायचा आणि घड्याळ बघायचं. धडधाकट मोठं माणूस १५-२० सेकंद सहज ओढतं. मामांचा आकडा होता चार. रंकाळ्याला एक फेरी मारून आले तरी न दमणारा माणूस दोन मिनिटं फोनवर बोलला की चक्कर आल्यासारखा खाली बसायचा, ते का, हे त्या चार सेकंदांवरून मला कळलं.

आता ती नस. शरीर बनवणाऱ्यानं इथं काय विचार केला होता देव जाणे. मेंदूतून निघालेली एक मोठी नस मानेतून खाली उतरते. स्वरयंत्र वाटेतच आहे, पण त्याला हलवणारी फांदी तिथं फुटत नाही. डाव्या बाजूची फांदी थेट छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि उलटी वर चढून स्वरयंत्रापाशी येते. बिंदू चौकातून भवानी मंडपात जायला सांगलीवरून यावं तसं. उजवी फांदी तेवढी खाली जात नाही. उजव्या हाताकडं जाणाऱ्या धमनीला वळसा घालून परत फिरते. गर्भात हृदय मानेजवळ असतं, ते खाली सरकताना या नसेलाही सोबत ओढून नेतं, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. जिराफात तर हीच नस काही मीटर लांब भरते. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन यानं ओरडणाऱ्या डुकराची ही नस सगळ्यांसमोर कापून दाखवली होती. डुक्कर तडफडत राहिलं, पण आवाज बंद.

वाट लांब, म्हणून धोके जास्त. परत येताना ती थायरॉइडच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून जाते. गाठ काढताना ती ओढली जाऊ शकते, रक्त थांबवायच्या उपकरणाची धग लागू शकते, क्वचित कापलीही जाते. सरावलेल्या हाताखालीही शंभरात एखाद्या-दोघांची नस कायमची जाते. ऑपरेशनआधी जिथं सही घेतात त्या कागदावर हे लिहिलेलं असतं, फक्त तो कागद कुणी वाचत नाही. मानेच्या मणक्याचं पुढून केलेलं ऑपरेशन, हृदयाचं ऑपरेशन, घशात बराच काळ राहिलेली नळी हीही कारणं. कधी साधा व्हायरल ताप येऊन जातो आणि नस बसते, कधी कारण सापडतच नाही.

पण ज्याचं कुठलंच ऑपरेशन झालेलं नाही आणि तरी आवाज बसलाय, त्यानं जास्त जपावं, विशेषतः डावी बाजू गेली असेल तर. कारण मग शंका छातीवर येते: फुप्फुसातली गाठ, क्षयाच्या गाठी, महाधमनीचा फुगवटा. म्हणून अशा रुग्णाचं स्कॅनिंग फक्त घशाचं करून भागत नाही, कवटीच्या तळापासून छातीपर्यंत करतात. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर दुर्बीण घालून घ्यायचीच, आणि तंबाखू, मिसरी, विडी असेल तर तेवढंही थांबायचं नाही. ज्येष्ठमध चघळून नस जागी होत नाही.

स्वरतंतू फक्त बोलण्यापुरते असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते मुळात श्वासनलिकेचे दारवान. गिळताना दार घट्ट मिटायला हवं. घट्ट जेवण मामांना जात होतं, पण पातळ काही घेतलं की ठसका. कोल्हापूरच्या माणसाला पांढरा रस्सा वर्ज्य, म्हणजे शिक्षाच! पहिल्या रविवारी त्यांनी न ऐकता वाटी तोंडाला लावली आणि मग अर्धा तास खोकत राहिले. खोकलाही धड नाही. खोकायला आधी दार मिटून छातीत दाब साठवावा लागतो. ते मिटतच नसल्यामुळं ठोका बसत नाही, गाईच्या खोकल्यासारखा मऊ, लांबट आवाज निघतो. डॉक्टरही त्याला गाईचा खोकलाच म्हणतात.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यावर एक युक्ती शिकवली. गिळताना मान बिघडलेल्या बाजूला वळवायची. त्यानं त्या बाजूची वाट दबते आणि घास चांगल्या बाजूनं उतरतो. झालं, मामा प्रत्येक घोटाला डावीकडं तोंड फिरवायला लागले. मामी त्यांच्या डाव्या हाताला बसायची. बघणाऱ्याला वाटावं, दर घोटाला तिच्याकडं बघितल्याशिवाय याला जेवण जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी तालमीत गेलेल्याला पटकन कळेल. जड उचलताना आपण दम धरतो, म्हणजे हेच दार मिटून छाती घट्ट करतो. ते न मिटलं तर ताकद असूनही लागत नाही. मामांना गुळाचा तीस किलोचा रवा, म्हणजे ढेप, उचलताना हात भरून आल्यासारखे वाटायचे. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. वय नव्हतं ते, हवा गळत होती.

निदान झाल्यावर मला वाटलं, चला, आता लगेच ऑपरेशन. तर डॉक्टर म्हणाले थांबा. नस नुसती ओढली गेली असेल, दबली असेल, तर ती आपोआप सुधारू शकते, पण तिचा वेग गोगलगायीचा. म्हणून कायमचा इलाज करायला साधारण नऊ महिने ते वर्षभर वाट बघतात. नस कापली गेलीय हे नक्की माहीत असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नसतो. गळ्याच्या स्नायूत बारीक सुई घालून विजेचे संदेश तपासता येतात, त्यावरून सुधारणेची आशा किती याचा अंदाज बांधतात.

वर्षभर मुकं बसायचं का? नाही. मधल्या काळासाठी इंजेक्शन असतं. बंद पडलेल्या पट्टीत जेलसारखं द्रव्य भरून ती फुगवतात, म्हणजे ती मधल्या रेषेजवळ येते. हायलुरोनिक ॲसिडचं जेल काही महिने टिकतं, मग शरीर ते जिरवून टाकतं. कॅल्शियमच्या बारीक कणांचं इंजेक्शन त्याहून बरंच जास्त टिकतं. काही ठिकाणी पोटाची चरबी काढून तीच भरतात. जेल बऱ्याचदा खुर्चीवर बसवूनच देतात: नाकातून दुर्बीण, घसा बधिर, आणि सुई गळ्याच्या कातडीतून. मामांनी ते घेतलं आणि तीन-चार महिने निदान फोनवर बोलण्यापुरतं निभावलं. तात्पुरतं आहे म्हणून नाक मुरडू नये, असं माझं मत झालंय. ठसके थांबले, धंदा चालला, आणि आवाज परत येऊ शकतो हे माणसाला कळलं. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

ही भरण्याची कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये ब्रूनिंग्ज नावाच्या जर्मन डॉक्टरनं पट्टीत चक्क पॅराफिन, म्हणजे मेण भरलं होतं. आवाज आला, पण मेण सरकायला लागलं, गाठी झाल्या. मग १९६२ च्या सुमारास टेफ्लॉन आलं, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. बरीच वर्षं ते जोरात होतं. पण काही रुग्णांत शरीरानं त्याच्याभोवती सुजेचा गोळा बनवला आणि आवाज पहिल्यापेक्षा बिघडला. पट्टीत शिरलेलं टेफ्लॉन वेचून काढणं तर महाकर्मकठीण.

मग १९७४ मध्ये जपानमधल्या क्योटोचे नोबुहिको इशिकी यांनी वेगळा रस्ता मांडला. पट्टीला हातच लावायचा नाही! तिच्या बाहेरून, कंठमण्याच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, खिडकी पाडायची आणि तिथून पट्टीला आत ढकलायचं. कूर्चा आत ढकलण्याचा प्रयत्न १९१५ मध्ये पेअर यांनी करून बघितला होता, पण नीट पद्धत बसवली ती इशिकींनी. त्यांनी कूर्चेवरच्या ऑपरेशनचे चार प्रकार सांगितले. आपण बोलतोय तो पहिला. बाकीच्यांत पट्ट्या दूर करणं, सैल करणं, ताणणं येतं. सैल करण्याचा प्रकार, वयात येऊनही ज्या मुलग्याचा आवाज फुटत नाही आणि व्यायामानंही उतरत नाही, अशांसाठी वापरतात.

सुताराला विचारा. दोन फळ्यांचं दार आहे, एका फळीची बिजागरी गेली, फळी अर्धी उघडी अडकली. बिजागरी मिळत नाही. मग तो काय करतो? फळी ओढून मधोमध आणतो आणि मागं पाचर मारतो. आता ती फळी हलणार नाही, पण दुसरी फळी येऊन तिला टेकेल आणि दार लागेल. गळ्यातलं हे इम्प्लांट म्हणजे ती पाचर. त्यात बॅटरी नाही, तार नाही. मेलेली नस त्यानं जिवंत होत नाही, पट्टी परत हलत नाही. टाळीच्याच भाषेत सांगायचं तर लुळा हात छातीसमोर बांधून ठेवला, चांगला हात येऊन त्यावर वाजतो.

ऑपरेशनला आम्ही पुण्याला गेलो. यातली सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे रुग्ण जागा असतो. गळा बधिर करतात, गुंगीचं थोडं औषध देतात, पण झोपवत नाहीत. कारण सर्जनला आवाज ऐकत काम करायचं असतं. गळ्याच्या सुरकुतीत चार-पाच सेंटीमीटरचा आडवा छेद घेतात, स्नायू बाजूला सारतात आणि कूर्चा उघडी करतात. स्वरतंतू नेमका कुठल्या उंचीवर आहे ते बाहेरून मोजून, कूर्चेत लहानशी चौकोनी खिडकी कापतात. तिची उंची पाच-सहा मिलिमीटर, लांबी सेंटीमीटरच्या आसपास. पिकल्या वयाच्या पुरुषात ही कूर्चा हाडासारखी कडक झालेली असते, मग बारीक ड्रिल फिरवावं लागतं. मामा सांगतात, दुखलं नाही, पण डोक्यात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटलं.

खिडकी झाली की खरी कसरत. सर्जन आतून नाजूक हत्यारानं दाबून बघतात आणि रुग्णाला म्हणतात, बोला. मामांना एक ते दहा म्हणायला लावलं. पहिली मापाची पाचर घातली तर आवाज आला खरा, पण चेपलेला, गळा आवळून बोलल्यासारखा. फार पुढं बसली की असं होतं. ती काढली, जरा मागं सरकवली. मिलिमीटरचा हिशेब असतो सगळा. परत एक ते दहा. सातावर आवाज एकदम मोकळा झाला आणि मामा आकडे विसरले. पालथ्या चादरीखालून, गळा उघडा असताना, त्यांनी ठणकावून म्हटलं, "ज्योतिबाच्या नावानं!" कोपऱ्यातला वॉर्डबॉय बहुतेक आपल्या भागातला. त्यानं सवयीनं उत्तर दिलं, "चांगभलं!" सर्जन म्हणाले, हेच माप ठेवू.

इथं एक मेख आहे, ती मला नंतर त्याच सर्जननी सांगितली. कापाकापीला जितका वेळ जाईल तितकी पट्टी सुजते, आणि सुजेमुळं फट आपोआप भरून आवाज खोटाच चांगला वाटायला लागतो. तशात माप घेतलं तर सूज उतरल्यावर पाचर लहान पडते. म्हणून खिडकीनंतर ते भराभर ठरवतात आणि माप थोडं जास्तीचं ठेवतात.

पाचर कशाची? सर्वांत जुनी आणि साधी म्हणजे सिलिकॉनची. सर्जन टेबलावरच ब्लेडनं ठोकळा कोरतात, लावून बघतात, परत तासतात. तयार मापांचे संचही मिळतात. दुसरी गोर-टेक्स, म्हणजे ताणलेल्या टेफ्लॉनची मऊ पट्टी. रेनकोटाच्या कापडात आणि कृत्रिम रक्तवाहिन्यांत वापरतात तीच जात. ती खिडकीतून आत घड्या घालत सारतात, उशीच्या अभ्र्यात कापूस भरावा तशी, कमी-जास्त करायला सोपी. मघाशी टेफ्लॉनला नावं ठेवली आणि आता परत तेच कसं? फरक जागेचा आणि रूपाचा. तेव्हा त्याची लुगदी पट्टीच्या मांसातच टोचत होते. इथं गोर-टेक्सची अखंड पट्टी स्वरतंतूच्या बाहेरच्या बाजूला राहते आणि गरज पडली तर ओढून काढता येते. टायटॅनियमच्या पातळ पत्र्याच्याही पाचरी असतात. कुठली चांगली, हा प्रश्न मी तीन डॉक्टरांना विचारला आणि तिघांनी आपापली सांगितली. माझा निष्कर्ष असा, की वस्तूपेक्षा ती बसवणाऱ्याचा हात बघावा.

मागच्या टोकाला फट फार मोठी असेल तर एकट्या पाचरीनं भागत नाही. तिथं पट्टीला हलवणारी छोटी कूर्चा असते, तिला टाका घालून ओढून जागेवर फिरवतात. हे अवघड काम, सगळे करत नाहीत. तरुण रुग्णांत आणि मुलांत आणखी एक रस्ता आहे: मानेतली दुसरी, कमी महत्त्वाची नस कापून या मेलेल्या नसेला जोडायची. त्यानंही पट्टी हलत नाही, पण तिच्या स्नायूला जीव राहतो, ती सुकत नाही. आवाज यायला मात्र कित्येक महिने लागतात.

ऑपरेशननंतर एक रात्र ठेवून घेतात, ती मुख्यतः श्वासासाठी. आत रक्त साठलं किंवा सूज वाढली तर वाट अरुंद होऊ शकते. ही या ऑपरेशनची खरी भीती. क्वचित होणारी, पण होते. जंतुसंसर्ग, पाचर सरकणं, फार क्वचित ती आत श्वासाच्या वाटेत निघून येणं, हेही कागदावर असतं, आणि या वेळी आम्ही कागद वाचला. काहींना माप चुकल्यामुळं दुसऱ्यांदा उघडावं लागतं.

आमची खरी फजिती वेगळीच. टेबलावर खणखणीत आलेला आवाज दुसऱ्या दिवशी गायब! मामी रडकुंडीला. ती सूज होती. पहिले काही आठवडे आवाज घोगरा, वरखाली होत राहतो आणि दोन-तीन महिन्यांत स्थिरावतो. कुणीतरी हे आधी ठणकावून सांगायला हवं. आणखी एक, आवाज जपायचा म्हणून मामा कुजबुजून बोलायला लागले, तेव्हा वाचा-उपचारवाल्या बाई रागावल्या. कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो. मधल्या वर्षभरात जोर लावून बोलायची जी वाईट सवय लागलेली असते तीही मोडावी लागते. पाचर बसली म्हणजे व्यायाम संपला असं नाही.

सहा महिन्यांनी "आ" तेरा सेकंद. रस्सा सरळ मान ठेवून. रवा उचलता येतो. पण ट्रकवर मात करणारी ती हाक आली नाही, येणारही नाही. डाव्या पट्टीचा स्वतःचा स्नायू लुळा, त्यामुळं दोन्ही पट्ट्यांचा ताण सारखा राहत नाही आणि वरच्या सुरात आवाज फाटतो. गाणाऱ्याला हे फार जड जातं. आपल्या कोल्हापूरला गाण्याचं गाव करणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाजही ऐन उमेदीत अतिगाण्यानं बसला होता. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली असं सांगतात. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आज कुणी ठरवू शकणार नाही. लकवाच असेल असं माझं म्हणणं नाही. मामांना मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "आमच्या सौद्याला कुठलं घराणं लागतंय रं?"

दोन गल्लती टाळा. दोन्ही बाजूंचा लकवा झाला तर गणित उलटं होतं. दोन्ही पट्ट्या मध्ये येऊन अडकतात, आवाज बऱ्यापैकी असतो आणि श्वास कोंडतो. तिथं पाचर मारणं म्हणजे उरलेलं दार बंद करणं. तिथं वाट मोकळी करतात, वेळ पडली तर गळ्याला भोक पाडून नळी बसवतात. दुसरं, कॅन्सरमुळं स्वरयंत्रच काढलेल्या माणसाला जी छोटी झडप बसवतात, ती निराळी वस्तू. ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भोकात बसते, वेळोवेळी बदलावी लागते. मामांची पाचर बदलावी लागत नाही, ठीक बसली तर जन्मभर राहते.

राहिला एक कागद. डिस्चार्जच्या वेळी सर्जननी पाचरीचा प्रकार, माप आणि बाजू लिहून दिली आणि म्हणाले, हा हरवू नका. एमआरआय करायची वेळ आली तर तिथं दाखवायचा, आणि पुढं कधी पूर्ण भूल देऊन ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. गळ्यातली वाट आता थोडी अरुंद आहे. नेहमीच्या जाडीची नळी जोरानं घातली तर पाचर हलू शकते. मामांनी तो घडी करून पाकिटात, ज्योतिबाच्या फोटोच्या मागं ठेवला.

गेल्या श्रावणात पित्ताशयातले खडे काढायला त्यांना भरती केलं. भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या, दात बघितले, मान मागं करायला सांगितली, जुनी ऑपरेशनं विचारली. मामांनी बोलायच्या आधी पाकीट काढलं. मॅडमनी कागद दोनदा वाचला, गळ्यावरची बारीक रेघ बोटानं चाचपली आणि नर्सला म्हणाल्या, "उद्या एक साइज बारीक नळी काढून ठेवा."